चौकडी की सरळ रांग? मुंबईच्या हवेत सरपण रचताना

गोराई-मनोरीच्या गावठाणात किंवा आरेच्या पाड्यांवर चूल आणि बंब अजून लाकडावर पेटतात. इथे लाकूड खऱ्या अर्थाने वाळतं ते ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-८५ टक्क्यांवर असते. त्या हवेत छपराखालचं लाकूडही १६-१८ टक्के ओलावा धरून बसतं, आणि नीट जळायला तो २० टक्क्यांच्या आत हवा. म्हणून रचना निवडताना आधी महिना बघा.

चौकडीत एका थरात दोन-तीन ढलप्या, त्यावरचा थर काटकोनात. प्रत्येक ढलपी चहूबाजूंनी मोकळी राहते, त्यामुळे ताजं लाकूड यातच लवकर वाळतं. खांब लागत नाहीत. पण ढलप्या सारख्या जाडीच्या हव्यात. त्रिकोणी फोडलेल्या घसरतात. शिवाय लाकूड वाळताना आकसतं, एक कोपरा आधी बसतो आणि बुरूज कलतो. ४० सेंमी लांबीच्या ढलप्यांची चौकडी एक मीटरच्या वर नेऊ नये. जागाही फार खाते.

सरळ रांग घरामागच्या अरुंद पट्टीत बसते. दोन्ही टोकांना खांब, जमिनीत निदान ४५ सेंमी गाडलेले. खाली चिरे किंवा पेव्हर ब्लॉक आणि त्यावर दोन बांबू, म्हणजे १५ सेंमी हवा खेळते आणि वाळवीची माती चढू लागली तर दिसते. भिंतीपासून वीतभर अंतर, उंची १.२ मीटरपर्यंत. रांग पडते ती बहुधा खांब बाहेर फाकल्यामुळे. निम्म्या उंचीवर खांबाला तार बांधून ती ढलप्यांवर आडवी टाका आणि वर पुढचे थर रचा. वजनानेच तार दाबून धरली जाते.

खरी अडचण दिशेची आहे. ओलावा ढलप्यांच्या कापलेल्या टोकांतून वेगाने निघतो, म्हणून ही टोकं दुपारच्या समुद्री वाऱ्याकडे, पश्चिमेला हवीत. जूनपासून नैऋत्येची झड नेमकी तिथेच मारते. मे संपायच्या आत त्या बाजूला हातभर अंतरावर विणलेल्या झावळ्यांचे झाप उभे करा. ताडपत्री फक्त माथ्यावर, वीतभर बाहेर काढून. जमिनीपर्यंत गुंडाळलेली रास आतून घामेजते आणि बुरशी धरते.

अंगण मोकळं असेल आणि लाकूड ओलं, तर ऑक्टोबरात चौकडी रचावी आणि एप्रिल-मेमध्ये तेच लाकूड छपराखाली रांगेत हलवावं. दुप्पट हमाली आहे, पण पावसाळाभर धूर सोसण्यापेक्षा बरी. जागा नसेल तर पहिल्यापासून रांगच, मात्र ढलप्या ८ सेंमीपेक्षा जाड नकोत. सुरूसारखं जड लाकूड ओलं असतानाच फोडावं.

एका ढलपीवर खूण करून ती दर पंधरा दिवसांनी तराजूत टाका. मे महिन्यात वजन घटायचं थांबलं की रास वाळली.