कळसूबाई की साल्हेर? निवड करण्यापूर्वी

कळसूबाई (१६४६ मीटर) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असल्याने तिचे नाव सर्वांच्या तोंडी असते. राज्यातील सर्वांत उंच किल्ला असलेल्या साल्हेरकडे (१५६७ मीटर) मात्र मुंबई-पुण्याची पावले क्वचितच वळतात. दोहोंच्या उंचीत अवघा ७९ मीटरचा फरक आहे, तेव्हा हाताशी वेळ किती आणि माथ्यावर काय पाहायचे, हे आधी ठरवावे.

अकोले तालुक्यातील बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव. इगतपुरीला रेल्वेने उतरून घोटीमार्गे तेथे पोहोचता येत असल्यामुळे एका दिवसाची मोहीम सहज जमते. शेतांमधून निघालेली वाट पुढे खडी होते आणि अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या असल्याने नवख्यालाही धीर येतो. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र याच शिड्यांपाशी रांग लागते आणि ओल्या लोखंडावर ताटकळत उभे राहण्यात निम्मी हौस फिटते. माथा लहानसा असून तेथे देवीचे छोटे मंदिर आहे. आकाश निरभ्र असेल, तर भंडारदऱ्याचा जलाशय आणि अलंग-मदन-कुलंग हे दुर्गत्रिकूट स्पष्ट दिसते. पावसाच्या तोंडावर गेल्यास पायथ्याच्या परिसरातील काजव्यांनी लखलखणारी झाडेही पाहता येतात.

साल्हेर बागलाण तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ आहे. सटाणा, ताहराबाद असा प्रवास करून वाघांबे किंवा साल्हेरवाडी गाठावी लागते; त्यामुळे दोन दिवस काढणेच बरे. वाघांब्याची वाट साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांमधील खिंडीत चढते, तेथून कोरीव पायऱ्या, एकामागून एक दरवाजे आणि कातळात खोदलेल्या गुहांची रांग लागते. वरच्या विस्तीर्ण पठारावर गंगासागर तलाव आहे आणि सर्वोच्च टोकावर परशुरामाचे मंदिर. याच किल्ल्याच्या परिसरात १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना खुल्या मैदानात हरवले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांतही साल्हेर आहे.

पहिलाच डोंगर असेल किंवा एकच सुट्टी मिळत असेल, तर कळसूबाई निवडावी, पण शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी. ज्यांना शिखरावर पोहोचण्यापेक्षा वर रेंगाळण्यात अधिक रस आहे, त्यांना माझ्या मते साल्हेरच अधिक समाधान देईल. मात्र तेथे उन्हाळ्यात जाणे टाळावे, कारण उघड्या कड्यावरच्या त्या वाटेवर सावली फारशी मिळत नाही.