तीन खाचांचं कॅनार्ड ग्लायडर किट: विमान झकास, पत्रक घातकी

हे बाल्साचं, म्हणजे हलक्या लाकडाचं, किट घेतलं ते एकाच गोष्टीवर भाळून. पुढचा छोटा पंख, म्हणजे कॅनार्ड, बसवायला तीन खाचा आहेत आणि तो वर-खाली करायला दोन उंचीचे ठोकळे. शेपटीवाली मॉडेलं मी पंधरा वर्षं उडवतोय. कॅनार्डला हात पहिल्यांदाच लावला.

कटिंग उत्तम. फासळ्या पॉलिश पेपर न मारता बसल्या. सोबतचा डिंक फेकून द्या.

मागच्या खाचेत कॅनार्ड, सीजी (गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो बिंदू) पत्रकातल्या खुणेवर: तिसऱ्या फेकीला सरळ तरंगत गेलं. हुरूप आला, कॅनार्ड 6 सेंटीमीटर पुढे, पहिल्या खाचेत नेला. साहजिकच नाक जड झालं. पत्रक म्हणतं, सीजीची खूण तीच. म्हणून नाकातली क्ले काढून तोल पुन्हा खुणेवर आणला (हा माझा शहाणपणा) आणि फेकलं. नाक वर, अजून वर, क्षणभर हवेत उभं, मग धप्पकन खाली. उजव्या पंखाचं टोक गेलं.

कॅनार्ड पुढे गेला की अख्ख्या विमानाचा न्यूट्रल पॉइंटही (नाक उचललं की वाढलेली उचल जिथे लागते तो बिंदू) पुढे सरकतो. सीजी त्याच्या पुढेच लागतो, नाहीतर नाक जरा उचललं की कॅनार्ड ते आणखी उचलत सुटतो. इथे कॅनार्ड मोठ्या पंखाच्या साधारण सहाव्या भागाएवढा आहे, म्हणजे 6 सेंटीमीटरला 8-9 मिलिमीटरचा फरक. टोक चिकटवलं, क्ले परत भरली, सीजी खुणेच्या 9 मिलिमीटर पुढे घेतला आणि तेच विमान शहाण्यासारखं उडालं. राइट बंधूंचं 1903 चं फ्लायरही याच दुखण्यानं वर-खाली हेलकावत गेलं होतं. निदान त्यांच्या हातात पत्रक नव्हतं.

पुढच्या खाचेची मजा वेगळीच. कॅनार्ड सीजीपासून लांब गेल्यामुळे कॅनार्डची मागची कड केसभर वाकवली तरी नाक लगेच ऐकतं. वेग पडला की कॅनार्ड आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल तुटते, नाक मान डोलावल्यासारखं झुकतं, वेग येतो, पुन्हा सावरतं. मात्र त्यासाठी कॅनार्डखालची पाचर काढू नका. त्याचा कोन मोठ्या पंखापेक्षा जास्तच हवा.

मागच्या खाचेत ठोकळ्यांची करामत कळते. मोठ्या पंखावर लोकरीचे धागे चिकटवले आणि टेबलफॅनसमोर धरलं. बुटक्या ठोकळ्यावर कॅनार्डमागची गढूळ हवा थेट पंखाच्या मुळाशी येते, धागे वळवळतात. उंच ठोकळा लावला की बरेचसे निवळतात. ग्रिपेन, राफाल या लढाऊ विमानांचे कॅनार्ड पंखाच्या जवळ आणि थोडे वर असतात. तिथे तर त्यांचे भोवरे मोठ्या कोनातही डेल्टा (त्रिकोणी) पंखावरचा हवेचा प्रवाह धरून ठेवतात. आपल्या सरळ पंखावर तो चमत्कार शोधत बसू नका.

खोक्यावर ‘लढाऊ विमानाची चपळाई’ असं छापलंय. त्या विमानांना मुद्दाम अस्थिर ठेवतात आणि संगणक सतत सावरत असतो. या किटमध्ये सावरायला फक्त क्ले आहे.

पाचपैकी तीन तारे. पत्रकात प्रत्येक खाचेसाठी सीजीची वेगळी खूण छापतील त्या दिवशी चौथाही देईन.