दहा महिने, सुमारे 2,000 फैरी: क्लिकवाल्या गॅस ब्लॉकचा अनुभव

गेल्या शनिवारी रायफलच्या गॅस ब्लॉकमधल्या स्क्रूचं षटकोनी तोंड शेवटी झिजून गोल झालं. ऍलन की आतल्या आत फिरते, स्क्रू जागचा हलत नाही. गॅस ब्लॉक म्हणजे बॅरलमधला थोडा गॅस मागे वळवून रायफल पुढच्या फैरीसाठी आपोआप चालवणारा भाग; ऍडजस्टेबल असेल तर स्क्रूच्या क्लिकनं तो गॅस कमी-जास्त करता येतो. 89 डॉलर देऊन घेतलेला माझा ऍडजस्टेबल गॅस ब्लॉक आता एकाच सेटिंगवर कायमचा अडकलाय, आणि ते सेटिंग मला नको आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

रायफल साडेअकरा इंच बॅरलची, 5.56, कार्बाइन लांबीची गॅस सिस्टिम, पुढे साधा सप्रेसर, म्हणजे आवाज कमी करणारी नळी. मी टेक्सासात असतो. बॅरल 16 इंचांपेक्षा कमी म्हणून रायफलची वेगळी फेडरल नोंदणी, सप्रेसरची वेगळी. प्रत्येकी 200 डॉलर कर भरला. 1934 पासून तोच आकडा होता, आणि मी भरल्यावर काही महिन्यांतच, 1 जानेवारी 2026 पासून, दोन्हींवरचा कर शून्य झाला. नोंदणी मात्र अजूनही लागतेच. ते 400 डॉलर माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत, त्यामुळे पुढच्या प्रत्येक खरेदीकडे मी बारकाईनं बघितलंय.

गॅस ब्लॉक घ्यावा लागला तो धुरामुळे. पहिल्या दिवशी सप्रेसर लावून 30 फैरी झाडल्या आणि डोळे चुरचुरायला लागले. चार्जिंग हँडलच्या (रायफल हातानं भरायच्या मुठीच्या) फटीतून गॅस थेट तोंडावर येत होता. पुंगळ्या एक वाजण्याच्या दिशेला, जवळजवळ पुढेच उडत होत्या. उचलून पाहिल्या तर कडेवर एक्स्ट्रॅक्टरचे (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचे) खोल ओरखडे. 200 फैरींत दोनदा बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा, मागेपुढे सरकणारा भाग) इतक्या वेगानं परत आला, की मॅगझीनमधलं काडतूस वर यायच्या आत तो त्यावरून निघून गेला.

कारण सरळ आहे. कार्बाइन लांबीत गॅसचं छिद्र चेंबरपासून (काडतूस बसतं त्या जागेपासून) साधारण साडेसात इंचांवर येतं आणि त्याच्या पुढे बॅरल उरते जेमतेम चार इंच. अमेरिकी लष्कराच्या एम-4 मध्ये छिद्र तिथेच, पण बॅरल साडेचौदा इंचांची, म्हणजे पुढे सात. गोळी बॅरलबाहेर पडेपर्यंतच्या त्या एवढ्याशा वेळात बोल्ट चालावा म्हणून आखूड बॅरलचं छिद्र मोठं पाडतात. त्यात सप्रेसर लावला की दाब आत रेंगाळतो, चेंबरमधला दाब उतरायच्या आधीच बोल्ट उघडायला लागतो, पुंगळी भिंतीला चिकटलेली असतानाच एक्स्ट्रॅक्टर तिला ओढतो, आणि उरलेला गॅस मागे येतो.

त्या गॅसात प्रायमरमधलं शिसं असतं. घरात चार वर्षांची मुलगी आहे, रेंजवरून आलो की ती धावत येऊन बिलगते. आता मी कपडे गॅरेजमध्येच बदलतो आणि रक्तातल्या शिशाची तपासणीही करून घेतली. माझ्यासाठी या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे गॅस नेमका जुळवण्यात, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती, बाकी सगळं नंतर.

ब्लॉक बसवला आणि पहिला दिवस फार समाधानाचा गेला. स्क्रू पूर्ण बंद करायचा, मॅगझीनमध्ये एकच काडतूस, झाडायचं. गॅस पुरेसा असेल तर रिकाम्या मॅगझीनवर बोल्ट मागे अडकून राहतो; नाही अडकला तर स्क्रू एक क्लिक उघडायचा, पुन्हा एक काडतूस. सातव्या क्लिकला बोल्ट अडकला, वर दोन क्लिक दिले. पुंगळ्या साडेतीन-चारच्या दिशेला, म्हणजे हव्या तशा उजवीकडे थोड्या मागे, पडायला लागल्या. डोळ्यांची चुरचुर जवळपास गेली. त्या रात्री मी दोन मित्रांना फोन करून सांगितलं, हाच घ्या.

डिसेंबरात स्वस्त .223 ची पेटी आणली आणि दर मॅगझीनला एकदोनदा रायफल अडायला लागली. मी ब्लॉकला दोष दिला, कंपनीला तक्रारही लिहिली. ती तक्रार चुकीची होती. मी ट्यूनिंग केलं होतं 5.56 च्या जोरदार काडतुसांवर, आणि .223 चा दाब त्यापेक्षा कमी. वर थंडीची सकाळ. ट्यूनिंग नेहमी आपण वापरणार त्यातल्या सगळ्यात मवाळ काडतुसावर, थंडीत करायला हवं. दोन क्लिक आणखी उघडले की काम झालं असतं.

पण स्क्रू फिरेना.

खरं दुखणं हा स्क्रू आहे. त्याचं टोक थेट जळत्या गॅसच्या वाटेत असतं. कार्बन आट्यांत जाऊन बसतो, तापतो, दगड होतो. सूचनापत्रात लिहिलंय की दर काहीशे फैरींनी तो पूर्ण आतबाहेर फिरवा. मी दर 300 ला फिरवायचो. पण स्क्रूचं तोंड पुढच्या बाजूला, आणि माझ्या हँडगार्डच्या (बॅरलभोवतीच्या, हातानं धरायच्या आवरणाच्या) आत सप्रेसरचं बूड शिरतं. म्हणजे आधी सप्रेसर काढा, तो गार होईपर्यंत थांबा, मग लांब ऍलन की आत घाला, चाचपडत भोक शोधा. एकदा, फक्त एकदा, 600 फैरींपर्यंत राहून गेलं. तेवढ्यात तो बसला.

कंपनीचं उत्तर आलं: कार्बनमुळे अडकणं वॉरंटीत बसत नाही, पाठवायचाच तर टपालखर्च तुमचा. मी तीन मेल लिहिले. ज्या भागातून कार्बनच जाणार आहे, तो कार्बनमुळे बिघडला तर तुमची जबाबदारी नाही, हे कसं? या प्रश्नाला उत्तर आलं नाही.

साताऱ्याच्या काकांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, लष्कराची जुनी एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) वापरलेले. त्यांना ब्लॉक दाखवला. म्हणाले, "अरे, आमचा रेग्युलेटर बाहेर होता, हाताला येत होता. तुझा आत कशाला कोंडलाय?" मी म्हटलं, "काका, तुमच्यात जादा गॅस बाहेर सोडत होते, यात वाटच अरुंद करतात." काका थोडं थांबून म्हणाले, "मग वाटच बारीक करून घे की. रोज रोज फिरवतोस का तू?"

फिरवत नाही. सप्रेसर या रायफलवरून कधीच उतरत नाही.  मग क्लिक कशासाठी?

आता साधा, स्क्रू नसलेला गॅस ब्लॉक लावलाय आणि आतलं छिद्र बारीक असलेली गॅस ट्यूब घातलीय. बोल्टच्या मागे त्याचा धक्का झेलणारं वजन असतं, त्याला बफर म्हणतात; हलका कार्बाइन बफर काढून जड एच-2 टाकला, तो 25 डॉलरना मिळाला. खरं तर तोच सगळ्यात आधी घ्यायला हवा होता, कारण नुसत्या त्यानंही बोल्ट बराच संथ झाला. 5.56 आणि .223, दोन्ही काडतुसांवर एक-काडतुसाची चाचणी पास, पुंगळ्या चारच्या दिशेला. धूर क्लिकवाल्या ब्लॉकइतका कमी नाही, थोडा जास्तच आहे. तो मी चालवून घेतोय. सप्रेसर काढून कधी झाडायची असेल तर ही ट्यूब अपुरी पडेल, हे ज्यांची गरज तशी आहे त्यांनी लक्षात ठेवावं. त्यांना क्लिकवाला ब्लॉक लागेलच, फक्त स्क्रूपर्यंत बाजूनं हात पोचतो का ते घेण्याआधी हँडगार्ड लावून बघा.

ज्या दोन मित्रांना हाच घ्या म्हणून सांगितलं होतं, त्यांना फोन केला. एकानं घेतला नव्हता. दुसऱ्याचा स्क्रू अजून फिरतोय. त्याला दर 200 फैरींनी फिरवायला सांगितलंय. माझा जुना ब्लॉक तीन दिवस पेनेट्रेटिंग ऑइलमध्ये बुडवून ठेवला, तोंडात नवी खाच पाडून पाहिली. अर्धा क्लिक हलला आणि पुन्हा बसला. कोणी अर्ध्या किमतीत मागितला तरी विकणार नाही.