डाकोटा खेळात उभारताना: त्रिमितीय घडण की टेक्स्चर?

न्यूयॉर्कमधील डाकोटा ही १८८४ मध्ये पूर्ण झालेली आणि १९६९ पासून शहराने संरक्षित ठरवलेली निवासी इमारत शहर-उभारणीच्या खेळासाठी घडवताना तपशील त्रिमितीत कोरावेत की सपाट पृष्ठावर टेक्स्चर (रंग-पोत दाखवणारे चित्र) व नॉर्मल मॅप (प्रकाशाच्या खेळाने उठावाचा भास देणारे चित्र) चढवावेत, हे आधी ठरवावे लागते. टेक्स्चरमुळे पॉलिगॉन (त्रिमितीय मॉडेल ज्यांनी बनते ते छोटे सपाट तुकडे) वाचतात आणि पिवळसर विटांच्या भिंतींना तेवढे पुरते. छताचे मात्र तसे नाही: खेळाडू शहर बहुतांशी वरून पाहतो, आणि डाकोटाची खरी ओळख तिची उंच उतरती छपरे, त्रिकोणी गेबल (उतरत्या छपराच्या टोकाशी येणारा भिंतीचा भाग), छतातून डोकावणाऱ्या खिडक्या आणि मधला चौक यांतच आहे. नॉर्मल मॅप केवळ छायाप्रकाश बदलतो, बाह्यरेषा नव्हे. त्यामुळे पॉलिगॉन छतासाठीच राखावेत, आणि दुरून पाहताना वापरल्या जाणाऱ्या, कमी पॉलिगॉनच्या हलक्या मॉडेलमध्येही हीच छतरेषा जपावी.