सात महिने मिडजर्नी: चित्रांआधी खात्याचं बोलू

अमळनेरला माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. सात महिने झाले, शब्दांत सांगितलं की चित्र काढून देणारं मिडजर्नी हे एआय रोजच्या कामात आहे. पण पहिल्याच आठवड्यात घाम फुटला तो चित्रांमुळे नाही, खात्यामुळे.

घरी मोबाइलवर डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या खात्यानं लॉगिन करून १० डॉलरचा बेसिक प्लॅन घेतला. सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडली, गूगलचं बटण दिसलं, दाबलं. आत सगळं कोरं. ना प्लॅन, ना रात्री काढलेली चित्रं! वाटलं, पैसे गेले. पुन्हा भरायलाच निघालो होतो. ओटीपी रखडला म्हणून वाचलो. चूक माझीच. दुसऱ्या बटणानं शिरलो, तर वेगळंच खातं उघडलं होतं. मग बाहेर पडून डिस्कॉर्डनंच आत गेलो, कारण पैसे त्या खात्यावर होते, आणि तिथूनच सेटिंगमध्ये गूगल जोडलं. आता कुठूनही शिरा, तीच चित्रं दिसतात.

जोडण्याआधी एक बघा. माझं जीमेल कधीकाळी कॅफेवाल्यानं फॉर्म भरताना उघडून दिलेलं, त्यात नंबर बंद पडलेल्या सिमचा! तो आधी बदलला. डिस्कॉर्डचे बॅकअप कोड, म्हणजे फोन हरवला तर आत शिरायला लागणारे आकडे, उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत. हसा खुशाल, पण ती वही हरवत नाही.

पहिलं कार्ड चाललंच नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दरमहा आपोआप पैसे कापायला आधी आपली रीतसर मंजुरी लागते. दुसऱ्या बँकेच्या कार्डावर जमलं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू आहेत का, तेही तपासा.

नवरा-नवरीचे फोटो मी त्यात टाकत नाही. साध्या प्लॅनमधली चित्रं इतरांनाही दिसतात. लपवायची सोय ६० डॉलरच्या प्रो प्लॅनपासून पुढे.

चित्रं? पैठणीचे काठ, मंडप, पहाटेचं शेत झकास. केळीनं मात्र लाज काढली. चोपड्याकडच्या एका बागायतदाराचा बॅनर होता, स्क्रीनवरचा घड बघून तो म्हणाला, "हाई काय शे भो?" घडातली केळी वर वळलेली असतात, यानं द्राक्षांसारखी खाली लोंबवली होती. शेवटी घड त्याच्याच बागेतल्या फोटोतला घेतला, मागचं आभाळ तेवढं मिडजर्नीचं. मराठी अक्षरं मी मिडजर्नीकडून काढूनच घेत नाही, ती कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतो.

बेसिकमध्ये महिन्याला २०० मिनिटं वेगवान काम मिळतं. एरवी पुरतं, लग्नसराईत पंधरा दिवसांत संपलं. ३० डॉलरच्या प्लॅनमध्ये वेगवान वेळ संपली तरी सावकाश का होईना, चित्रं निघत राहतात. म्हणून सराईपुरता तो घेतो, नंतर परत १० वर येतो.