इफ आणि लूप शिकायला काय बरं: स्क्रॅच की पायथन?

रविवारी सोसायटीतल्या पोरांना कोडिंग शिकवायला लागले तेव्हापासून पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्क्रॅच कशाला? एकदम पायथनच घेऊया ना." सीबीएसईच्या अकरावीत कॉम्प्युटर सायन्सला पायथनच आहे, त्यामुळे त्यांची घाई कळते. पण इफ (जर असं, तर तसं) आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं) एवढ्यापुरतं बघितलं तर मी सगळ्यांना एकच उत्तर देत नाही.

दोन्ही कोडिंगच्याच भाषा. स्क्रॅच अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून २००७ साली बाहेर आलं, ८ ते १६ वयाच्या मुलांसाठी. त्यात रंगीत ठोकळे ओढून एकमेकांत अडकवायचे. पायथन गुइडो व्हॅन रॉसमची, १९९१ची. तिच्यात सगळं टाइप करायचं. दोन्ही फुकट, आणि एकदा उतरवून घेतलं की दोन्ही नेटशिवाय चालतात.

नुसतं 'जर-तर-नाहीतर' कुणालाच जड जात नाही. आईने घरात ते रोज वापरलेलं असतं. गाडी अडते ती लूपच्या आत इफ घालताना. स्क्रॅचमध्ये मुलांना सांगायचं, पडद्यावरचं मांजर सफरचंदाला टेकलं तर गुण एकाने वाढव. मूल इफचा ठोकळा लावतं, सुरू करायच्या हिरव्या झेंड्यावर क्लिक करतं, मांजर सफरचंदावर नेतं, आणि गुण शून्यच. "मॅम, हे बिघडलंय." बिघडलेलं काही नसतं. झेंड्यावर क्लिक केलं त्या क्षणी इफने एकदाच विचारलं, तेव्हा मांजर लांब होतं, आणि काम संपलं. इफ उचलून 'फॉरएव्हर' या न थांबणाऱ्या लूपच्या पोटात टाकला की गुण वाढायला लागतात, उलट इतके भराभर वाढतात की पुढचा प्रश्न आपोआप येतो. पायथनमध्ये हाच धडा देता येतो, पण हलणारं, टेकणारं काही समोर आणायलाच बरंच लिहावं लागतं. इथे स्क्रॅचला तोड नाही.

लूपच्या आत काय आणि बाहेर काय, हेही स्क्रॅचमध्ये डोळ्यांना दिसतं. ठोकळ्याला जबडाच असतो, त्यात जे बसलं ते पुन्हा पुन्हा होणार. पायथनमध्ये तेच काम ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवर चालतं. १ ते १० ची बेरीज करायला सांगा. उत्तर छापणारी प्रिंटची ओळ डावीकडे काठाला असेल तर एकदाच ५५ येतं. तीच ओळ चार स्पेस आत गेली की १, ३, ६, १० करत दहा ओळी छापल्या जातात, आणि चूक झाली असं पायथन म्हणत नाही, कारण त्याच्या लेखी ती चूक नाहीच. टाइप करताना ज्याचा हात अडखळतो, त्याचं सगळं लक्ष स्पेस आणि कोलनमध्येच जातं. चौथी-पाचवीतल्या मुलांना हे करायला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसरी बाजू. स्क्रॅचमध्ये लूप मधूनच तोडायला ब्रेक नाही. एल्सइफ ('नाहीतर जर') नाही, त्यामुळे अ, ब, क, ड श्रेणी काढायची तर एल्समध्ये (नाहीतरमध्ये) इफ, त्याच्या एल्समध्ये पुन्हा इफ, अशी उतरंड रचत बसावं लागतं. पायथनमध्ये एलिफ लिहिलं की संपलं. यादीतल्या प्रत्येक नावासाठी काही करायचं असेल तर पायथनचा फॉर हा लूप एका ओळीत ते सांगतो. स्क्रॅचमध्ये मोजणारा व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा) आपणच ठेवायचा, आपणच वाढवायचा.

आणि एक खड्डा, ज्यात स्क्रॅचवरून आलेलं जवळजवळ प्रत्येक मूल पडतं. आकडा ओळखायचा खेळ घ्या. स्क्रॅचमध्ये 'रिपीट अनटिल': उत्तर बरोबर येईपर्यंत विचारत राहा. पायथनमध्ये व्हाइल: उत्तर चुकीचं आहे तोवर विचारत राहा. अट नेमकी उलटी. मूल सवयीने 'बरोबर आहे' हीच अट व्हाइलला देतं आणि पहिलं उत्तर चुकलं की खेळ तिथेच गुंडाळला जातो. ही अट सुधारली की पुढचा खड्डा: आकडा ७ आहे, मूल ७ टाइप करतं, तरी पायथन विचारतच राहतो. कारण टाइप केलेलं वाचणाऱ्या इनपुटने आणलेला ७ हा मजकूर असतो, संख्या नव्हे, त्याची संख्या करायला त्याला इंटमध्ये घालावं लागतं. स्क्रॅच हा फरक करतच नाही. ही सोय सुरुवातीला छान वाटते, पण सवय चुकीची लागते.

म्हणून माझा हिशोब असा. सातवीपर्यंतचं मूल: स्क्रॅच, निदान एक असा खेळ पूर्ण होईपर्यंत ज्यात फॉरएव्हरच्या आत दोन-तीन इफ आहेत. आठवी-नववीतलं, टाइपिंग बरं असलेलं: थेट पायथन, पण सुरुवात पायथनसोबतच येणाऱ्या टर्टल या चित्र काढायच्या साधनाने. शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे, हे चार वेळा, की चौकोन उभा राहतो आणि लूप चुकला तर चित्रातच कळतं. मोठ्या माणसांनी मात्र स्क्रॅचच्या वाटेला जाऊ नये. आमच्याकडच्या एका काकांनी हौसेने सुरू केलं, आणि तीन रविवार मांजराचे पोशाख बदलण्यातच घालवले.