प्लेगचा झगा आणि चोच: जेनोआतल्या उन्हाळ्यानंतर (१६५७)

प्लेगच्या डॉक्टरांच्या पोशाखाचे स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, पुन्हा लिहीत नाही. मुखवट्याला अर्धा फूट चोच, नाकपुड्यांपाशी दोन भोकं, काचेची भिंगं, मोरोक्को चामड्याचा कोट. पॅरिसच्या शार्ल द लॉर्म यांनी १६१९ मध्ये सांगितलं आणि सगळे मागे लागले. ते पडले राजवैद्य, बिल राजवाड्याचं. मला चामडं परवडेना म्हणून मेणकापडाचा झगा घेतला आणि अख्खा उन्हाळा लाझारेटोत, म्हणजे प्लेगच्या रोग्यांच्या इस्पितळात, काढला.

आधी चोच. निव्वळ पैसे उकळायचा धंदा. विषारी हवा आत येऊ नये म्हणून तिच्यात कापूर, लवंग, पुदिना, वाळलेले गुलाब भरायचे, वर थेरियाक, म्हणजे विषावरचा उतारा. थेरियाकमध्ये पन्नासाहून जास्त जिन्नस, त्यात सापाचं मांसही. किमतीचं विचारू नका. चोच एकदाच घ्यायची, तिला पोसायचं मात्र रोज. मी जुनाच मसाला उन्हात वाळवून परत भरला, तर ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. त्यात भिंगांवर श्वासाची वाफ धरते. काखेतली गाठ फोडताना वाफ धरली की सुरी कुठे चालली ते देवालाच ठाऊक, आणि पुसायला जावं तर हातमोजे पुवाने बरबटलेले. न्युरेनबर्गच्या पॉल फ्युर्स्टने गेल्या वर्षी रोमच्या चोचवाल्या डॉक्टरचं चित्र छापून टर उडवली, ती काही उगाच नाही. काठी तेवढी उत्तम. हात न लावता पांघरूण उचलता येतं.

झग्याचंही रडगाणं आहेच. उकाड्यात मेण मऊ होऊन बगलेत चिकटतं, घडी घातली की तडकतं, परत मेण चढवायचे पैसे वेगळे. शिंपी दार उघडत नाही, खिडकीतून टोपली सोडतो. नाणी व्हिनेगरमध्ये बुडवून घेतो आणि तक्रार सुरू झाली की टोपली वर.

दोनच तारे देणार होतो. पण पिसवा! लाझारेटोतल्या पेंढ्यात पिसवांचा नुसता बुजबुजाट. झग्यावर पिसू उडी मारते, मेणावर तिचे पाय ठरत नाहीत, घसरून खाली. झगा झटकला की विषय संपला. मला उन्हाळाभरात एक चावा नाही. लाझारेटो सांभाळणारे पाद्री अन्तेरो मारियाही हेच म्हणतात, की मेणाच्या झग्याचा खरा उपयोग एवढाच, त्यात पिसवा घर करत नाहीत. शंभर टक्के सहमत. प्लेगसाठी घेऊ नका, शांत झोपेसाठी जरूर घ्या.

माझा मदतनीस लोकरीच्या कपड्यात राबायचा, रात्रभर खाजवत बसायचा. ऑगस्टमध्ये प्लेगने गेला. चाव्यांनी अंग इतकं भरलेलं की जांघेतली गाठ लगेच दिसलीच नाही.

झग्याला चार तारे, चोचीला एक. नव्या मदतनीसाला नुसता झगा हवाय, पण शिंपी म्हणतो सेट फोडणार नाही, चोच घ्यावीच लागेल.